स्टँड

आप्पांच्या एम-एटीचं स्टँड
एका लाथेत लागलं, की त्या रात्री जेवण व्हायचं.
दोन लाथा बसल्या, की मी दप्तर आवरायचे.
तिसरी ऐकू आली, की धाकटीला न्हाणीत घालून
नळ पूर्ण सोडायचे,
म्हणजे तिला फक्त पाणी ऐकू येईल.
टाकी रिकामी व्हायची.
मग टाकी कुणी रिकामी केली, यावरून पुन्हा.

वखारभागात आमचं घर,
हवेत बारा महिने हळद.
सकाळी आईच्या ओठावरही तीच,
आणि बिरनाळे काकू कठड्यावरून:
"काय गं, लाटणं लागलं का?"
आई म्हणायची, "हो ना."
लाटणं ओठाला कसं लागतं
हे दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नाही.

पाहुणे आले की माझी वाटणी करायचे:
नाक आईचं, रंग आजोळचा,
हात मात्र आप्पांचे. अंगठा बघा, तंतोतंत.
मी हात पुढे करून दाखवायचे.
त्यावर कुणीतरी लाडू ठेवायचं.

श्रेणिकच्या घरी कधी कुणी आवाज चढवला नाही.
त्याचे आईवडील एकदा सतरा दिवस बोलले नव्हते.
निरोप हा पोचवायचा, वय वर्षं नऊ:
"बाबा, आई म्हणते गॅस संपलाय."
"आई, बाबा म्हणतात मग मी काय करू."
कॉलेजच्या कँटीनमध्ये त्यानं हे
दोन्ही आवाज काढून सांगितलं.
मी इतकी हसले की चहा सांडला.
वाटलं, आपलं बरं जमेल.

हरिपूर रोड. चिंचेखाली मी पंचवीस मिनिटं उभी.
तो आला. जमीन उंचसखल,
त्याच्या गाडीचं स्टँड लागेना.
एक.
दोन.
तिसऱ्या लाथेला माझं कोपर
माझ्या तोंडावर आलेलं होतं.
मी आणलं नव्हतं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.
त्यानं ते कोपर पाहिलं, याचाच राग आला मला.
म्हटलं, कुणाबरोबर होतास, फोन दाखव.
तो गप्प.
म्हटलं, बोल.
तो गप्प, नदीकडे बघत,
आणि मला दिसलं, सतरातला हा पहिला दिवस,
आणि मी मारली.
कानाखाली. आवाज झाला.
फांदीवरची साळुंकीसुद्धा उडाली नाही,
इतका साधा आवाज.

त्यानं चष्मा उचलला.
काच शाबूत होती, काडी वाकलेली.
तो खाली बसून ती सरळ करत राहिला,
खूप वेळ, सरळ झाल्यावरही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी भडंग घेतलं,
जास्त लसूण, त्याला आवडतं तसं.
पुडी हातात गरम.
दुकानाच्या पायरीवर पाय टाकला आणि तिथेच थांबले.
भांडणाच्या दुसऱ्या दिवशी आप्पाही
भडंगच आणायचे. याच दुकानातलं.
आई बशीत काढायची, आम्ही खायचो.
चांगलं लागायचं, हे खोटं कशाला सांगू.
पुडी मी रिक्षा स्टँडवरच्या म्हाताऱ्याला दिली.
तो म्हणाला, "पोरी, वाढदिवस आहे का?"

सॉरी तीनदा लिहून खोडलं.
चौथ्या दिवशी फक्त एवढं पाठवलं:
"तू स्टँडला तीन लाथा मारल्यास.
तुझी चूक नाही. माझीच आहे. पण मला ते
सांगायचंय, प्रत्यक्ष. ऐकशील?"

आप्पांनी आता इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे.
साखर वाढलीये, हात थरथरतो,
चहा मागतात तेही हळू.
गाडीला आवाजच नाही.
कधी दारात येऊन उभे राहतात, कळत नाही,
आणि मी, एकवीस वर्षांची, ओट्याशी
अजून दचकते, जास्तच.

रात्री साडेअकराला त्याचं उत्तर आलं.
"ऐकीन. पण मला लगेच बोलता येणार नाही.
मला वेळ लागतो, तुला माहितीये."
आणि खाली, वेगळ्या ओळीत:
"चष्मा नीट बसत नाही अजून."

मी दिवा लावला.
उजवा हात त्याखाली धरला,
अंगठा वळवून पाहिला,
मग त्याच अंगठ्यानं टाइप करायला लागले.