कारण

अमृतमहोत्सव आलाय, स्मरणिकेला इतिहास पाहिजे, म्हणाले चेअरमन.
दोन पानं, फार तर अडीच.
वर संस्थापकांचे फोटो घ्या, खाली निकालाचे टक्के.

क्लार्कची जागा सात वर्षं रिकामी, म्हणून किल्ली माझ्याकडं.
मी पहिलं जनरल रजिस्टर काढलं.
पाठीला खळ लावून कापड चिकटवलेलं,
वाळवीनं समास तेवढा खाल्लाय,
नावं सोडलीत.

एकोणीसशे एकावन्न. येरळेकाठचं मिरचीचं गोदाम,
अकरा पोरं, आणि तासगावहून सायकलवर येणारे गोसावी सर.
पोरं शिंकत शिंकत एबीसीडी म्हणायची.
गावाला बरेच दिवस वाटायचं,
इंग्रजी ही पडशाची भाषा आहे.

बोर्ड रंगवला दस्तगीर पेंटरनं:
न्यू इंग्लिश स्कुल.
उकार ऱ्हस्व.
पुढं तीनदा रंग दिला,
तिन्ही वेळा ब्रश जुन्याच अक्षरांवरून फिरला.
आत भूगोल मराठीत, गणित मराठीत, छडीही मराठीत.
इंग्रजी बोर्डावर,
आणि आठवड्याला सहा तास.

पण खरं सांगायचं तर इतिहास शेवटच्या रकान्यात आहे.
शाळा सोडल्याचे कारण.
तेवीस, बिरू मेटकरी: मेंढरांमागे.
एकेचाळीस, गुंडा हिंगमिरे: वडील वारले.
अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ, एकाच तारखेला तिघं: गलाईला गेले.
कोइमतूर, सेलम, एक जण थेट बरेलीला.
इंग्रजीत दोन-दोनदा गचकलेली ही पोरं
वर्षभरात तमिळमधे घासाघीस करायला लागली.
सोनं-चांदी गाळता गाळता बोटांवरच्या रेघा गेल्या
आणि तिकडून त्यांनी शाळेला खोल्या पाठवल्या.
दहावी अ वर सेलमची फरशी आहे,
मुतारीवर बरेलीची.

बहात्तरला प्रयोगशाळेत सुकडी शिजायची.
त्या साली रकाना कोरा.
कुणीच शाळा सोडली नाही.

आता सकाळी पिवळी बस येते,
टाय लावलेली पोरं विट्याला नेते.
आमचा पट त्रेचाळीस.
हे टक्क्यांत कसं लिहायचं?

सत्त्याऐंशी. शेवंता मंडले.
पहिली मुलगी. जून ते नोव्हेंबर.
कारण: लग्न.
अक्षर गोसावी सरांचंच,
पण त्या शब्दाच्या अलीकडं शाईचा मोठा डाग,
टाक टेकवून
कुणी बराच वेळ बसून राहावं तसा.

तीन हजार एकशे चाळीस म्हणजे मी.
नववी, इंग्रजीत अकरा मार्क.
कारण: याच शाळेत शिपाई.

शेवंताबाई परवा आल्या होत्या.
आधारवर जन्मसाल चुकलंय, दाखल्याची नक्कल पाहिजे.
नातवानं मोटरसायकल लिंबाखाली लावली,
त्या एकट्याच पायऱ्या चढल्या.
चपला बाहेर काढल्या, पदर डोक्यावर नीट केला,
ऑफिसच्या उंबऱ्याशी पाय जुळवून उभ्या राहिल्या
आणि म्हणाल्या,
मे आय कम इन, सर?

सहा महिन्यांची शिल्लक,
एवढी वर्षं कुठं ठेवली होती कोण जाणे.
स्टुलावरून मी उठलो.
चौतीस वर्षांत मला सर कुणी म्हटलं नव्हतं.
याला उत्तर काय द्यायचं असतं ते मला येत होतं,
तेवढं तरी येत होतं.
पण रजिस्टर उघडं, जुनी धूळ उडालेली,
आणि ऐन वेळी
शिंक आली.