अडीचची मालगाडी

खोलीचं तापमान वीस अंश. साडेवीस नाही, वीस.
माणूस आत गेला की त्याची ऊब तांब्याला कळते,
म्हणून ऑर्लिन त्वेट काचेबाहेर उभा राहायचा
आणि मी त्याच्या मागे, नोंदवही घेऊन.
सेंट पॉलमधला जानेवारी. अंगणात उणे सत्तावीस.

आत ग्रॅनाइटच्या शिळेवर,
हवेच्या पातळ गादीवर तरंगत तांब्याचा रोलर फिरे
आणि हिऱ्याचं टोक, नव्वद अंशांचं,
सरीला लागून सरी काढत जाई.
माझ्या एका केसाखाली दीड सरी झाकली जायची.
मोजून पाहिलंय.

काम सांगायला सोपं.
पडद्यामागचा दिवा चहूकडे सांडतो.
त्यावर आमची फिल्म ठेवली की तिरका निघालेला किरण
वळून नीट तुमच्या डोळ्यांत येतो,
आणि जो मुळात सरळच आला होता
त्याला सरीचे दोन उतार परत आत धाडतात.
पहिल्याच दिवशी मी विचारलं, हा कुठला न्याय?
ऑर्लिन म्हणाला, येतो की तोही बाहेर,
आत आपटून थोडा तिरका झाला म्हणजे.
मग सँडविच अर्धं करून माझ्यापुढे सरकवत,
मी लुथरन आहे, मला यात नवल वाटत नाही.

अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी.
दोन फिल्म एकावर एक ठेवल्या की कुठेकुठे चिकटायच्या,
पडद्यावर ओले डाग, पाण्याचा थेंब नसताना.
आठ महिने आम्ही अधिकाधिक नेमके होत गेलो.
नवा हिरा, नवं बेअरिंग, दाराला नमद्याची पट्टी.
डाग तेवढे अधिक ठसठशीत.

रात्री एक ते चार गाड्या नसतात, तेव्हाच कापायचो.
त्या रात्री अडीचला कुठेतरी सांधा गोठला
आणि धान्याची मालगाडी कारखान्यामागे येऊन थांबली.
असल्या थंडीत इंजिन बंद करत नाहीत.
ते गुरगुरत राहिलं.
माझ्या कॉफीत बारीक वर्तुळं उठली.
ऑर्लिन नॉर्वेजियनमध्ये काहीतरी पुटपुटला,
आजोबांच्या बोटीवरचं असावं.
थांबवू?
राहू दे. अर्धा बिघडलाच आहे, आता पुरा होऊ दे.

दुपारी फिल्म ओतली, दोन तुकडे एकमेकांवर ठेवले.
अर्धा भाग नेहमीसारखा डागाळलेला.
उरलेला, जो इंजिनाच्या सोबतीने कापला होता,
लख्ख.
आम्ही तुकडे उलटेसुलटे केले, दिवे बदलले,
दुसऱ्या खोलीत नेले.
लख्खच.
सऱ्या कणभर वरखाली झाल्या होत्या;
उंच होत्या त्या टेकल्या, बाकीच्या सुटून राहिल्या.

घरी आईला दाखवलं. ती थायलंडच्या छावणीत
निळ्या कापडावर त्रिकोण भरायला शिकलेली,
अजून शनिवारच्या बाजारात विकते.
फिल्म तिने खिडकीशी धरली, चष्मा कपाळावर.
टाके अगदी सारखे आले, म्हणाली,
तर गिऱ्हाईक म्हणतं मशीनचं आहे, आणि भाव पाडतं.
एवढ्यासाठी आठ महिने?

पुढची दोन वर्षं थरथर बनवण्यात गेली.
हिऱ्यामागे एक स्फटिक बसवला,
विजेचा स्पर्श झाला की आखडणारा, सैलावणारा,
आणि त्याला आकडे भरवले, क्रम नसलेले.
क्रम नसलेले आकडे मिळवणं किती कठीण असतं
हे मी तेव्हा शिकले.
त्या हत्याराला आम्ही मालगाडी म्हणायचो.
वकिलांनी साडेचार ओळींचं नाव ठेवलं.

तोवर ऑर्लिन कप दोन्ही हातांनी धरू लागला होता.
उजवा हात खिशात. हिरा बसवायला मला सांगायचा,
वर म्हणायचा, माझे डोळे गेले.
डोळे ठीक होते त्याचे. दाराबाहेरची खार
तो कितव्या फांदीवर आहे ते सांगायचा.
मी काही बोलले नाही. नोंदवहीत लिहिलं,
हिरा बसवला, सहा वाजून दहा, आणि माझं नाव.

पेटंटच्या कागदावर त्याने शेवटी सही केली.
सगळे बाहेर गेल्यावर, टेबलाला कोपर टेकवून.
ती रेघ मी भिंगाखाली पाहिली असती
तर एकाही उतारासारखा दुसरा उतार सापडला नसता.

पाहिली नाही.
पाकिटात घालून लाळ लावून बंद केलं.