मागची कोरी बाजू

शनिवारी साडेतीनला मी सीबीएसला जाते.
पिशवीत शंभर पत्रिका, रबर लावलेल्या,
पाण्याची बाटली,
आणि हनोखची छत्री, एक काडी बाहेर आलेली.

तीस वर्षं तो बोलायचा, मी पिशवी धरायची.
शालीमारला, मेनरोडला, रविवार कारंजावर
त्याचा आवाज रिक्षांच्याही वर जायचा.
एकदा कुणी उसाचं चिपाड फेकून मारलं.
त्याने ते उचललं, डब्यात टाकलं,
आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे नेलं.

मला वाक्य येत नाही.
मी म्हणते, घ्या. वाचा सवडीने.
वॉर्डात गोळी देताना म्हणायचे, तसंच.

कुणी घेतं. कुणी हात असा मागे ओढतं
जणू कागद चटका देईल.
कॉलेजची पोरं विचारतात, मावशी, ऑफर कसली आहे?
शेंगदाणेवाला मुनाफ स्वतःहून दहा मागतो, पुड्या बांधतो,
छापील बाजू बाहेर, शाई दाण्यांना लागू नये म्हणून.
मेंढपाळ मग शहरभर हिंडतो, खारट हातांतून.
गेल्या महिन्यात एक तरुण म्हणाला, किती देतात तुम्हाला ह्याचे?
पेन्शन आहे मला, मी म्हटलं.
त्याने माझा फोटो काढला आणि गेला.
त्या रात्री दाराची कडी मी दोनदा उठून पाहिली.

आज रबर नुकतं सोडलं होतं.
पहिलाच माणूस. हात पुढे केला,
तर तोच म्हणाला, ताई, गंगेवर कसं जायचं?
नायलॉनच्या पिशवीत, लाल फडक्यात बांधलेला लोटा.
माझी नजर तिथे गेलेली पाहून म्हणाला,
आई आहे.

रिक्षावाला शंभर मागत होता. आम्ही चालत निघालो.
शालीमार. मेनरोड. कारंजा.
एकेक कोपरा माझ्याकडे बघत होता,
आता बोल, म्हणत होता.
हनोख असता तर पुलापर्यंत
ह्या माणसाला सगळं सांगून झालं असतं:
थडगं, दगड बाजूला सारलेला, पहाटेच्या त्या बाया.
मी विचारलं, आईला काय आवडायचं?
बाजरीची भाकर, तो म्हणाला,
आणि भांडण.
पुलावर आम्ही दोघं हसलो, आणि मग
त्याला ते हसू आवरेना, त्याचं दुसरंच काही झालं.
मी बाटलीचं बूच काढून दिलं.

घाटावर चपला काढाव्यात की नाही,
वरच्या पायरीवर मी उगाच रेंगाळले.
काढल्या.
गुरुजींनी विचारलं, ह्या कोण?
तो म्हणाला, आमच्यातल्याच.
मी दुरुस्त केलं नाही.
पाणी हिरवं होतं, निर्माल्य एका जागी गोल फिरत होतं,
आणि त्याची आई पाण्यात शिरताना
मी डोळे मिटून जे म्हटलं
ते कुणाला ऐकू गेलं असेल तर त्यालाच.

परत स्टँडवर, त्याला वाचताना अडखळायला होत होतं
म्हणून मी फलकावरून पाहून लिहून दिलं.
कागद दुसरा नव्हता.
मागच्या कोऱ्या बाजूला, ठळक:
नांदगाव, सहा चाळीस, फलाट चार.
त्याने घडी घातली, खिशात ठेवली.
उलटून पाहिली नाही.
खिडकीतून म्हणाला, तुमचं नाव राहिलंच.
मी सांगितलं. गाडीचा आवाज होता.
त्याला काय ऐकू आलं कोण जाणे, मान मात्र हलवली.

रात्री हनोख वही उघडायचा,
किती गेल्या गं, विचारायचा.
नव्याण्णव पिशवीत होत्या. मी रबर लावलं.
वहीत तारीख टाकली, पुढे एक लिहिलं,
आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसले,
त्या एकाला नाव विचारायचं
माझंही राहिलंच होतं.