आडवी

केतकीने दिंडोरीहून बाटली पाठवली,
तिच्या जुन्या ओढणीत बांधून.
सोबत चिठ्ठी: आई, ही माझ्या देखरेखीतली पहिली.
तीन वर्षं उघडायची नाही.
उभी ठेवायची नाही, बूच आतून ओलं राहायला हवं.
उजेड नको, उकाडा नको, हादरे नकोत.

चिठ्ठी हातात घेऊन मी घरभर फिरले.
घरभर म्हणजे अकरा पावलं.

माळ्यावर ठेवावी तर वर पत्रा,
चुनाभट्टीचा एप्रिल तिथे पापड भाजतो.
फ्रिज रात्रभर खोकत थरथरतो,
शिवाय त्यात बोंबील,
आणि केतकी म्हणते, बुचाला नाक असतं.
कपाटात डांबराच्या गोळ्या. पुन्हा तेच नाक.
देवापाशी गार असतं.
देवाला चालेलही, माझ्या जावेला नाही.

त्यात खाली गालाशेठची गिरणी,
दहा ते एक, पाच ते आठ.
गव्हाला मांडणीवरची भांडी नुसती गुणगुणतात,
बाजरीला वाट्या जागा बदलतात.

उरली मोरी.
कट्ट्याखाली, पूर्वी बंब होता तिथे,
भिंतीला मे महिन्यातही गाल लावावासा वाटतो.
खाली सायकलची फाटकी ट्यूब,
वर गोणपाटाच्या तीन घड्या, त्यावर ती.
शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली.

दुसऱ्या वर्षी नरहरच्या डोळ्याचा पडदा सुटला.
सायनला ऑपरेशन झालं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवस पालथं झोपायचं,
उजेड नको, हादरे नकोत.
मला हसू आलं. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या.
म्हटलं, जमेल हो मला.
घरात आहे एक असंच.

खाटेच्या चारी पायांना ट्यूबचे तुकडे बांधले.
खिडकीवर चादर ठोकली.
गालाशेठनी पंधरा दिवस बाजरी घेतली नाही,
गिऱ्हाइकांना म्हणाले, दगड टाकायला दिलाय.

उशीत तोंड खुपसून नरहर विचारायचा,
कशी आहे ती?
कोण?
मोरीतली.
मी उठून बघून यायचे.
आडवीच आहे.
ओली आहे का?
आतलं मला कसं कळणार?
मग त्याच्याजवळ बसायचे,
भेंडीचा भाव, नळाची वेळ,
तेंडोलकरांच्या मुलीचं मोडलेलं लग्न,
असं काहीबाही बोलत,
सुकू नये इतपत.

यंदा मार्चात केतकी यायची होती.
तोडणी लांबली, म्हणाली, तुम्हीच उघडा.
नरहर बरा डोळा बारीक करून
मोरीत तारीख वाचायला वाकला.
ओल येऊन वर्ष पुसलं होतं,
महिना तेवढा शिल्लक.

राहू दे अजून, तो म्हणाला.

राहू दे तर राहू दे.
नाही तरी बूच काढायचं ते पिळाचं हत्यार
आपल्याकडे कुठे आहे.