कोरडा लिटमस

मादाम तेबेर्ज यांनी चमचाभर गंधक बर्नरवर धरला.
आधी तो वितळला, मधासारखा,
मग निळ्या ज्योतीनं जळू लागला
आणि त्यांनी तो झटकन वायुपात्रात उतरवला.
आम्ही अठ्ठावीस जण. कुणी नाक दाबलं नाही.
सडबरीत जन्मलेल्या पोरांना
हा वास शिकवावा लागत नाही.

"निळा लिटमस," त्या म्हणाल्या, "सोड आत."
मी सोडला. काही झालं नाही.
निळा तो निळाच.
मागच्या बाकावरून गॅस्पार हसला.
"आता भिजवून सोड."
नळाखाली धरला, पुन्हा आत टाकला,
तर कडेपासून लाल होत गेला,
बर्फातून घरात आल्यावर
कान होतात तसा.

अधातू जळाला की ऑक्साइड.
ते पाण्याला भेटलं की आम्ल.
आणि आम्ल म्हणजे
जवळचा हायड्रोजन आयन
पाण्याच्या पदरात टाकून मोकळं होणारं.
"दाताच म्हणा," मादाम म्हणाल्या,
"फक्त घेणाऱ्याला विचारत नाही."

वहीत समीकरण लिहिलं, मोजून पाहिलं:
एक गंधक, तीन ऑक्सिजन, दोन हायड्रोजन.
दोन्ही बाजूंना. कुणी हरवलं नव्हतं.

घरी बाबांचा शर्ट दाराबाहेर, खिळ्यावर.
आईच्या वाटाण्याच्या वेलीवर पानोपानी पांढरे डाग.
"वारा फिरला होता," एवढंच ती म्हणाली.
बाबा म्हणत, वास येतोय तोवर पगार येतोय.
वीस वर्षं निकेलच्या भट्टीवर
आणि तोंडातून एक शब्द नाही.
शनिवारी सौना तापवली,
तापल्या दगडांवर पळीभर पाणी,
आणि त्या वाफेत बाबा खोकू लागले.
थांबेचनात.
डोळे लाल, कडेपासून.

समीकरण मला तेव्हा कळलं.
त्याला ओल लागते.
डोळ्याची, छातीची, तळ्याची.

पुढं धुरांडं उंच बांधलं. लोक म्हणाले, हवा सुधारली.
धूर मात्र कुठंतरी गेलाच असणार,
जिथं ढग होते तिथं.

सतरा वर्षांची असताना
उन्हाळ्याचं काम मिळालं: काळ्या टेकड्यांवर
चुनखडीची भुकटी पसरायची, हातानं.
पोतं खांद्यावर, भुवया पांढऱ्या, बुटांत खडे.
वर्गात चुनखडीवर आम्ल टाकलं की फसफसायचं.
इथं काही फसफसलं नाही.
जमीन फार सावकाश उत्तर देते.
(निसटून जाणारा तो वायूसुद्धा आम्लधर्मी ऑक्साइडच,
वार्षिक परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला
आणि मी तो चुकवला.)

एका रविवारी बाबा चढून वर आले,
दर दहा पावलांवर थांबत.
"यानं काय होतं?"
मी खिशातली लिटमसची पट्टी दिली.
सिगारेटचा कागद चाटावा
तशी त्यांनी ती जिभेवरून फिरवली,
गुडघे टेकून मातीवर दाबली
आणि तिच्याकडे बघत बसले,
भट्टीच्या काट्याकडे बघत तसे.

मीही वाकून पाहिलं.
लाल नाही. निळीही नाही.

"जांभळी," ते म्हणाले.
मग गुडघे झटकत उठले
आणि पुढच्या पोत्याची सुतळी
दातांनी सोडू लागले.