मागे

चौकटीची वही घेतली. वीज ऑफिसात
एकतीस वर्षं बिलं तपासली, सवय जात नाही.
वर तीन गाड्या, डावीकडे गुण.

पहिली, हातानं फिरवायची सायकल.
शिबिरात मिळालेली, फोटोसकट.
(फोटोत मी कोपऱ्यात आहे. हार मोठा आहे.)
इंधन: खांदे.
वेग: सक्करदऱ्याहून निघायचं, शाळेत दुसरी घंटा.
चढ: नाही.
उतार: देवावर.
हॉर्न: "सरका हो".
तळहाताचे घट्टे अजून आहेत,
त्यांची वॉरंटी संपली नाही.

दुसरी, आज दारात उभी आहे ती. साइडव्हीलची.
मोमिनपुऱ्यात इसरार मिस्त्रीनं सळया तापवून बसवली,
आधी माझ्या डाव्या पायाचं माप घेतलं,
शिंप्यासारखं, नजर दुसरीकडे ठेवून.
गाडी आता तिसरी, मिस्त्री तोच.
मायलेज: कागदावर पंचेचाळीस, रस्त्यावर एकतीस,
उरलेले चौदा ती दोन पोरकी चाकं खातात.
मधल्या चाकानं चुकवलेला खड्डा उजव्याला सापडतो,
उजव्यानं चुकवलेला डाव्याला.
तीन चाकं, तीन वाटा, कंबर एकच.
चढ: अजनीचा पूल, दुसऱ्या दमात.
पाऊस: लोहापुलाखाली दोनदा बंद.

तिसरी वर्धा रोडच्या शोरूमात, काचेमागे. बॅटरीची.
भोयरांचा प्रज्वल सांगून राहिला होता भरभर,
गळ्यात टाय. मे महिन्यात टाय, बाप्पा!
"एका चार्जिंगमधे साठ किलोमीटर, मॅडम."
मी म्हटलं, कोणत्या उन्हात?
तो हसला. मी नाही हसले.
नागपूरच्या शेहेचाळीस डिग्रीत बॅटरी दमते,
माणूस दमतं, डांबरसुद्धा जागा सोडतं.
मग हळूच म्हणाला, चाळीस. बेचाळीस.
मी अडतीस लिहिलं.
सीट फिरते. कुबड्यांना खोबण आहे.
किंमत लिहिली, शेजारी फंडाची शिल्लक,
पेन्सिलनं, खोडता यावी म्हणून.

"आणि हे लाल बटण, रिव्हर्स."

वहीत तो रकानाच नव्हता.

इतकी वर्षं मी पुढेच गेले,
हिंमत होती म्हणून नाही हो,
गाडीला मागे जाताच येत नव्हतं.
बँकेसमोर नाक खुपसून लावायची
आणि निघताना पाहायचं, कोण मोकळं दिसतं.
"भाऊ, जरा मागं ओढता काय?"
संत्रेवाला. होमगार्ड. निकालाचे पेढे घेऊन निघालेली पोरगी.
एकदा एक संतापलेला गृहस्थ,
ज्याची लाइन आमच्याच ऑफिसनं कापली होती.
त्यानंही ओढली.
आरशात मला कॅरियरवरची बोटं दिसायची,
चेहरा नाही.
थँक्यू समोरच्या भिंतीला म्हणायचं.

शोरूममागच्या गल्लीत बटण दाबलं.
टूं टूं टूं.
एक कुत्रं उठून बाजूला झालं.
समोरचं शटर लहान होत गेलं.
अकरा पावलं असतील,
पावलं म्हणजे माझा आपला अंदाज.
पाठीशी कोणाचा श्वास नव्हता.
प्रज्वल हात पुढे करून उभा होता, सवयीनं.
मग त्यानं ते खिशात घातले.

इसरारला फोन केला.
"अरे बाई, रिव्हर्स तर मीच बसवून दिला असता,
पाच-सहा हजारात. तुम्ही कधी मागितलाच नाही."

मागे जायला रोज कोणाला तरी मागत होते,
आणि हेच तेवढं मागितलं नाही.

रात्री कुबडीच्या कडेनं रेघ ओढून
एक रकाना वाढवला: मागे.
पहिली: चाक हातानं ढकलून.
तिसरी: मी.
दुसरीखाली लिहिलं, कोणीतरी.
हे जमेत धरायचं की वजा,
ठरेना.
खिडकीत कूलर कोरडा फिरून राहिला होता,
टाकीतलं पाणी संपलं असेल.