हातचा एक

पाखरांना मोजता येत नाही, ओइवा म्हणायचा.
दोघं आत गेले, एक बाहेर आला,
की त्यांच्या लेखी लपण रिकामं.

बाहेर यायची ती मी.
एकोणीस हिवाळे.
डोक्यावर लाल लोकरी टोपी, लांबून दिसावी म्हणून,
आणि दलदलीच्या गोठलेल्या पाठीवरून
उजाडता उजाडता, मुद्दाम सावकाश,
गाडीपर्यंत चालत जायचं.
मागे बघायचं नाही.
गरुडाला संशय येतो.

मग मी काइनूभर टपाल वाटायची.
जानेवारीत तीनलाच अंधार पडतो इथे;
पडला की त्याला आणायला परत.
मिशीवर वाफ गोठलेली, हातात लघवीची बाटली,
आणि चेहऱ्यावर एक तर आला, नाहीतर नाही.
विचारावं लागायचं नाही.

ओइवा ऑक्टोबरात गेला,
सरपण रचताना, वरची ओळ अर्धी ठेवून.
ती तशीच आहे. मी दुसऱ्या टोकाकडून काढते लाकडं.

परवा पोलिसांचा फोन आला, त्याच्याच नावाने:
रस्त्यावर मूस मेलंय, मांडी हवी का?
हो म्हणाले.
का म्हणाले ते अजून कळलेलं नाही.

शेजारच्या एतूच्या डोक्यावर टोपी घातली.
ती त्याच्या भुवयांवर येत होती.
मांडी तारेनं ओंडक्याला बांधली,
ओइवाची गाठ मला येत नाही,
टपालाच्या गठ्ठ्याला मारतात तीच मारली.
मग दोघं आत बसलो, स्टूल एकच.
फटफटलं तसं म्हटलं, आता जा.
"कसा जाऊ?"
हळू. आणि मागे बघू नकोस.

कापडाच्या फटीतून मी बघत राहिले.
लाल टोपी. मग लाल ठिपका.
मग पांढऱ्यात काहीतरी, असेल-नसेल असं.
कुणी जायला एवढा वेळ लागतो
हे जाणाऱ्याला कळत नाही.

त्याच्या डब्यांत फोटो तारखेवार लावलेले आहेत.
दर दिवसाचा पहिला तोच:
कोरं पांढरं, मधोमध लाल ठिपका.
एकदा विचारलं होतं, हे काय?
"उजेड तपासतो," म्हणाला.
मीही खरं मानलं. टपालवाली मी,
पाकिटावरचा पत्ता तेवढा वाचते.

आधी डोमकावळे आले, पंचनाम्याला आल्यासारखे.
मग बराच वेळ कुणी नाही.
पायाची बोटं आधी दुखली, मग दुखेनाशी झाली.
कॉफी संपली.
आणि पाइनच्या एका फांदीवरनं बर्फ सांडला,
आवाज न करता,
आणि तो ओंडक्यावर होता.

मानेवर जुन्या पितळेचा रंग.
एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं,
एकोणीस वर्षं त्याच्यासाठी चालून.
चोच मारली की गोठलेल्या मांसाचे
लाल कपचे उडत होते.
त्यानं थेट भिंगात बघितलं.
मी बटण दाबलं.
घरात कुणी दार आपटावं तसं वाजलं मला.
त्याला नाही. तो खात राहिला.

एक्केचाळीस फोटो.
बहुतेकांत डोळा पांढरा,
ऐन वेळी आतली पापणी ओढून घेतलेली.
शेवटच्यात नुसता पंख, चौकटीबाहेर निघालेला.
ओइवानं सगळे टाकून दिले असते.

एतू उशिरा आला, हॉकीची मॅच होती म्हणाला.
"आला?"
आला.
"म्हणजे खरंच मोजता येत नाही त्याला!"

बर्फावर बाटली ओतली. वाफ निघाली.
शाळेत आमच्या बाई फळ्यावर खडू आपटून सांगायच्या,
हातचा विसरू नका, हातचा विसरू नका.

टोपी दे, म्हटलं एतूला.
नाही, राहू दे.
उद्या पाचला ये.